आठ महिन्यांचा भुंगा आणि अंगणातले खड्डे

ऐरोली_अंगण

नमस्कार मंडळी. ऐरोलीत सिडकोचं जुनं रो-हाऊस आहे आमचं. अंगण म्हणजे केवढं, १२ बाय १५ फूट असेल. पण नवी मुंबईत एवढी माती पायाखाली असणं ही चैनच, आणि त्या चैनीची सध्या पार वाट लागलीय.

धाकट्या लेकीने रबाळे स्टेशनबाहेरून एक पिल्लू उचलून आणलं. "आई, दोन दिवस ठेवू गं, मग कुणाला तरी देऊ." ते 'कुणीतरी' अजून जन्माला यायचंय. पिल्लाचं आता आठ महिन्यांचं घोडं झालंय. अंगाने काळा, छातीवर पांढरा ठिपका, एक कान उभा आणि दुसरा आडवा. नाव भुंगा. गावठीच आहे. स्वभावाने सोनं, कुणाला चावत नाही, घरात घाण करत नाही, चपला चावायचं वयही सरलं. पण खणतो. रोज खणतो.

खणायची पद्धतही ठरलेली. आधी नाक मातीत खुपसून जोरात श्वास ओढायचा, दोनदा शिंकायचं, मग पुढचे दोन्ही पाय असे चालवायचे की माती मागच्या पायांमधून थेट माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर. मध्येच थांबून खड्ड्यात डोकावतो, मान तिरकी करून काहीतरी ऐकतो, आणि पुन्हा सुरू.

खड्डे मुख्यतः तीन ठिकाणी. एक मागच्या बाजूला, मोरीचं पाणी जातं तिथे अळू लावलाय, त्याच्या मागे भिंतीला लागून. दुसरा कढीपत्त्याच्या बुंध्याशी, तिथली मुळं उघडी पडलीत. तिसरा तुळशी वृंदावनाच्या पायथ्याशी, आणि घरात खरा वाद यावरूनच आहे. सासूबाईंनी निक्षून सांगितलंय की तुळशीच्या लग्नाआधी एक तर हा कुत्रा सुधारला पाहिजे, नाही तर त्या तरी गावाला जातील. (जाणार नाहीत. पोळीचा पहिला तुकडा त्याच त्याला घालतात.)

ओरडून झालं. खड्ड्यावर विटा ठेवल्या, तर विटेशेजारी खणतो. खड्ड्यात पाणी भरलं, तर साहेब त्यात जाऊन बसले. आमचे हे म्हणतात दिवसभर साखळीने बांध. ते मला पटत नाही. शेजारचे काका म्हणतात नाकावर वर्तमानपत्राची गुंडाळी हाण. तेही पटत नाही.

सकाळी हे दूध आणायला जातात तेव्हा कोपऱ्यापर्यंत नेऊन आणतात. संध्याकाळी लेक क्लासवरून लवकर आली तर फिरवते, नाही तर राहतं.

हे वयाचं आहे का? आपोआप जाईल का? आणि तोवर काय करायचं?

---

बिनधास्त_ठाणेकर

मिरची पूड टाका खड्ड्यात. एका दिवसात बंद. फार लाड करू नका.

---

शेपूट_आणि_मिशा

वरच्या प्रतिसादाशी शंभर टक्के असहमत. मी नेरूळला प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. मिरची नाकात-डोळ्यांत गेलेली पिल्लं आमच्याकडे येतात. पंज्यांना लागते, मग ते पंजे चाटतात, त्याच पंज्याने डोळे चोळतात, बुबुळाला इजा होते. एवढं करून फायदा काय, तर कुत्रा दोन फूट बाजूला जाऊन खणतो. फिनाईल, डांबराच्या गोळ्या यांचंही तेच. डांबराच्या गोळ्या तर पोटात गेल्या तर विष आहेत.

बाकी सविस्तर नंतर लिहिते, ओपीडी सुरू झाली.

---

खारीगावचा_काका

ताई, तुमचं लिहिणं वाचून अर्धं उत्तर मिळालं. तुम्ही 'खणतो' एवढंच न म्हणता कुठे आणि कसं ते लिहिलंत. कुत्र्याची खोड म्हणून एकच औषध शोधत बसलात तर नाकी नऊ येतील. तीन जागा आहेत, म्हणजे बहुधा कारणंही तीन आहेत. एकेक सोडवा.

आमचं घर कळव्याच्या खारीगावात. पूर्वी मागे वाडी होती, आता मागे पार्किंग आहे. पण लहानपणापासून दारात कुत्रा नाही असं वर्ष आठवत नाही, आणि त्यातला एकही न खणणारा नव्हता. तेव्हा जे बघून बघून कळलंय ते सांगतो.

खड्ड्याचा आकार बघा. उथळ, पसरट, कुत्रा गोल होऊन बसेल एवढा, आणि तो खरंच त्यात बसत असेल, तर त्याला उकडतंय. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून आणि थंड जमिनीला पोट लावून गार होतो. वरची माती तापलेली असते, खालची गार असते, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. पावसाळा सरला आणि ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की आमच्याकडे हे हमखास. तुमचा वृंदावनाजवळचा खड्डा मला यातला वाटतो. वृंदावनाची सावली कुठल्या वेळी कुठे पडते ते बघा. भुंगा दुपारी तिथे असतो का, तेही बघा. तसं असेल तर त्याला धर्माचं काही वावडं नाही, सावली हवीय.

अरुंद, खोल, भिंतीला लागून, आणि मान तिरकी करून ऐकणं. ताई, हे वाक्य वाचलं आणि मी बायकोला म्हणालो, घूस! मोरीच्या पाण्याची ओल, वर अळूचा आडोसा, शेजारी गटार, घुशीला याहून चांगली जागा कोण देणार? कुत्रा खणण्याआधी सकाळी सकाळी जाऊन बघा. बिळाच्या तोंडाशी ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग दिसेल, कुत्र्याने उडवलेली माती मात्र लांबवर पसरते. तिथे घूस असेल तर कुत्र्याला रागावणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

तिसरं, एकाच झाडाच्या बुंध्याशी पुन्हा पुन्हा. तिथे वास आहे. खत काय घालता? हाडांचा चुरा घातला असेल तर त्याच्या नाकाला ती खाणावळ आहे. मासळीचं काही पुरलंय का? आमच्या आगरी घरांत नारळाच्या आणि केळीच्या बुंध्यात मासळीची घाण पुरायची पद्धत होतीच. झाड झकास वाढायचं आणि कुत्रा रात्री सगळं वर काढून ओट्यावर आणून ठेवायचा.

आणि या तिन्हींच्या खाली एक कारण असतंच. आठ महिन्यांचा नर, गावठी, अंगात रग, आणि दिवसाला दूध आणण्यापुरती फेरी. तो करणार काय बसून? त्याला सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी अर्धा-पाऊण तास बाहेर न्या. भराभरा चालवू नका. खांब, झाड, टायर, जे हुंगायचं ते हुंगू द्या. लोक पट्टा ओढत राहतात, कुत्र्याचं डोकं रिकामंच घरी येतं. नाकाला काम मिळालं की तो जितका दमतो तितका धावून दमत नाही.

खणणं पूर्ण बंद करायचा नाद सोडा असंही सांगेन. त्याला त्याची जागा द्या. अंगणाचा एक कोपरा, ३ बाय ४ फूट, दीड फूट खोल. कडेला विटा उभ्या लावा, म्हणजे त्यालाही हद्द कळेल. आत माती काढून रेती भरा. पहिल्या दिवशी त्याच्या डोळ्यांदेखत एखादं खेळणं किंवा चघळायचं हाड रेतीत अर्धवट पुरा, टोक दिसू दे. त्याने उकरलं की तोंडभरून कौतुक. मग हळूहळू खोल पुरा, मग त्याच्या नकळत पुरा. दुसरीकडे खणताना दिसला तर टाळी वाजवून हाक मारा, कोपऱ्यावर न्या, तिथे खणू द्या. ओरडायचं नाही. आणि खड्डा तुम्ही नंतर पाहिलात तर गप्प बुजवा. तासाभरापूर्वीच्या खड्ड्यावरून रागावलात तर त्याला एवढंच कळतं की ही बाई मातीजवळ उभी असली की चिडते. मग तो तुम्ही आत गेल्यावर खणेल.

कढीपत्त्याभोवती आणि वृंदावनाच्या कडेला कोंबडीच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी आडवी अंथरा, वर दोन-तीन इंच माती. कडा खाली वळवून घ्या, नाही तर पंजा फाटेल. पंज्याला तार लागली की मजा जाते, दोन-चारदा करून सोडून देतो. बुंध्याशी जाळी आवळू नका, झाड जाडावतं.

अवांतर: साखळीला नाही म्हणालात ते फार बरं केलंत. दिवसभर बांधलेला कुत्रा खणायचा थांबतो आणि भुंकायला लागतो. मग रो-हाऊसची अख्खी रांग तुमच्या दारात.

---

येऊर_पायथा

काकांना +१. एकच भर घालतो. घुशीच्या बिळात घूसच असेल असं नाही. सोडलेल्या बिळात साप राहतात. आमच्याकडे, येऊरच्या पायथ्याला, नाग आणि घोणस दोन्ही निघतात, आणि ऐरोलीलाही खाडी आणि पारसिकचा डोंगर काही लांब नाही. तेव्हा बिळात हात घालू नका, काठी खुपसू नका. कुत्रा एकदम मागे उडी मारून एकाच जागी बघत भुंकायला लागला तर आधी त्याला आत घ्या. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा. कुत्र्याचं नाक किंवा पंजा अचानक सुजला तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ डॉक्टर. सर्पदंशाचं इंजेक्शन कुत्र्यांनाही देतात.

---

ऐरोली_अंगण

काका, तुम्हाला साष्टांग नमस्कार! तुम्ही सांगितल्याप्रमाणे पाळत ठेवली. लेकीने तर वहीच घातलीय, किती वाजता, कुठे, किती वेळ. अभ्यासात एवढी चिकाटी दाखवली असती तर.

वृंदावनाचं अगदी तसंच निघालं. दुपारी दोनच्या सुमाराला तिथे हातभर सावली पडते, आणि हा बरोबर तिथे उकरून पोट टेकून झोपतो. बाकीच्या वेळी तिकडे ढुंकूनही बघत नाही. सासूबाईंना हे दाखवल्यावर त्या जरा विरघळल्या. "अगो, मग त्याला गोणपाट ओलं करून दे की," म्हणाल्या. जिन्याखाली ओलं गोणपाट आणि पाण्याची पसरट घमेली ठेवली. दुपारची जागा बदलली.

कढीपत्त्याचं रहस्य त्याहून भारी. विचारल्यावर सासूबाई आधी काहीच बोलेनात. मग हळूच म्हणाल्या, बोंबलाची डोकी आणि कोलंबीची सालं त्या मंगळवार सोडून बाकी दिवशी तिथेच पुरतात. कढीपत्ता त्याशिवाय असा फोफावला का! म्हणजे एकीकडे कुत्र्याच्या नावाने खडे फोडायचे आणि दुसरीकडे त्याच्यासाठी पंगत मांडायची. आता ते सगळं झाकणाच्या बादलीतून ओल्या कचऱ्यात जातं.

आणि अळूमागे ढीग आहे. ताजी माती, मुठीएवढं भोक, आत तिरकं गेलेलं. शेजारच्या गटाराच्या झाकणाचा कोपरा तुटलाय, तिथून येत असणार. आमच्या ह्यांनी लगेच दुकानातून औषध आणायची तयारी केलीय. मी थांबवून ठेवलंय. काय करू? शिवाय नर्सरीवाला माळी म्हणाला की कढीपत्त्याला आता मासळीऐवजी एरंडीची पेंड घाला. चालेल का?

---

शेपूट_आणि_मिशा

थांबवलंत ते फार चांगलं केलंत! दोन्ही प्रश्नांना उत्तर एकच, नाही.

एरंडीची पेंड अजिबात नको. एरंडाच्या बीत रायसिन नावाचं विष असतं. तेल काढल्यावर ते चोथ्यात राहतं, आणि नीट उष्णता दिलेली नसेल तर पेंडीतही उरतं. त्यात कुत्र्यांना तिचा वास आवडतो, पेंडीत हाडांचा चुरा मिसळलेला असेल तर विचारूच नका. काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी उलट्या, रक्ताची हगवण, आणि उतारा नाही, नुसतं सलाईन आणि वाट बघणं. माळ्यांचा दोष नाही, त्यांच्या दृष्टीने ते उत्तम खत. तुम्ही शेणखत किंवा गांडूळखत घाला. पूर्ण कुजलेलं असेल तर कुत्र्याला त्यात फारसा रस नसतो.

घुशीचं औषध. पिठात मिसळतात ती काळी पावडर म्हणजे बहुधा झिंक फॉस्फाईड. पोटातल्या आम्लाशी संयोग झाला की विषारी वायू तयार होतो. त्यालाही उतारा नाही. दुसरी ती रंगीत वडी असते, तिच्याने रक्त गोठायचं थांबतं. ती जास्त फसवी, कारण कुत्रा तीन-चार दिवस ठणठणीत दिसतो आणि मग हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. तिच्यावर व्हिटॅमिन के१ चालतं, पण वेळेत आणलं तर. आणि कुत्र्याने औषध स्वतः खाल्लं नाही, तरी औषध खाल्लेली घूस खाल्ली तरी धोका आहेच. भुंगा तर तिच्या दारातच बसलेला असतो.

आता मुद्दा लेप्टोचा. घुशी-उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात. ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात ते आठवडेच्या आठवडे टिकतात. मोरीचं पाणी, घूस आणि पंजे खरचटलेला कुत्रा, तिन्ही एकत्र आहेत तुमच्याकडे. ताप, खाणं सोडणं, उलट्या, लघवी गडद होणं, डोळे-हिरड्या पिवळ्या पडणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. वेळेवर प्रतिजैविकं मिळाली तर बरे होतात, उशीर झाला की मूत्रपिंड आणि यकृत जातं.

भुंग्याचं लसीकरणाचं पुस्तक काढून बघा. रेबीजची लस झाली म्हणजे लेप्टोची झाली असं नाही. लेप्टो बहुतेक एकत्रित लशीत असते, पण प्रत्येक लशीत नसते. पहिल्यांदा देताना दोन डोस, मध्ये दोन ते चार आठवडे, आणि मग दरवर्षी. दरवर्षी हे लोक विसरतात.

हा आजार माणसांनाही होतो. तेव्हा तो खड्डा बुजवताना रबरी हातमोजे आणि गमबूट घाला, पायाला जखम असेल तर दुसऱ्या कुणाला सांगा. जंताचं औषध वेळेवर द्या, माती खणणाऱ्या पिल्लांना जंत पटकन होतात.

---

बिनधास्त_ठाणेकर

बरं बाबा, मिरची मागे घेतो. हे सगळं माहीत नव्हतं. आमच्या सोसायटीत ती वडी जिन्याखाली उघडी पडलेली असते, आज सेक्रेटरीला सांगतो.

---

ऐरोली_अंगण

पुस्तक काढलं. लेप्टो आहे त्यात, पण दुसऱ्या डोसची तारीख उलटून गेलीय. शनिवारी नेतेय. मग घुशीचं करू काय? औषध नाही, बिळात हात नाही, मग तिला विनंतीपत्र देऊ का?

---

खारीगावचा_काका

हा हा! विनंतीपत्र महापालिकेला द्या. गटाराचं झाकण त्यांच्याकडून बदलून घ्या, विभाग कार्यालयात लेखी, पोच घेऊन. मूषक नियंत्रणवाले आले तर आधी सांगा की दारात कुत्रा आहे, आत औषध नको. पिंजरा लावता येतो. पिंजऱ्यात सुका बोंबील अडकवा, सासूबाईंकडे असेलच. पिंजरा रात्रीच लावायचा आणि तेव्हा भुंगा घरात.

पण मूळ काम ओल तोडायचं. मोरीचं पाणी उघडं सोडू नका, पाईप टाकून जाळीच्या चेंबरमध्ये घ्या. अळू भिंतीपासून दोन हात पुढे आणा, भिंतीलगतची जागा मोकळी दिसली पाहिजे. घुशीला आडोसा लागतो, उघड्यावर ती बीळ करायला धजत नाही. बीळ रिकामं आहे याची खात्री करायला तोंडाशी वर्तमानपत्राचा बोळा हलकाच कोंबून ठेवा, दोन दिवस जागचा हलला नाही तर विटांचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवा. काही लोक काचा घालतात, ते करू नका, भुंग्याचे पंजे तिथे जाणारच आहेत. आणि शेजारी कुणी कबुतरांना दाणे टाकत असेल तर तेही बघा. सगळं करून दाणे पडतच राहिले तर घूस कुठे जाणार?

---

ऐरोली_अंगण

दाणे टाकतात. कोण ते इथे लिहीत नाही, वर्तमानपत्राच्या गुंडाळीचा सल्ला त्यांचाच होता.

रेतीच्या कोपऱ्याला सुरुवात केलीय. विटा घरातल्याच, त्या त्याने नाकारलेल्या. ह्यांनी खणायला घेतलं तर भुंगा शेजारी येऊन स्वतःच खणायला लागला. दीड फुटापैकी फूटभर त्यानेच काढलं असेल, बाकी ह्यांनी. त्या निमित्ताने दोघांचं सूत जुळलं. आता संध्याकाळी हे स्वतःहून त्याला तलावापर्यंत नेतात. रेती मात्र अजून आणायचीय. कोपऱ्यावर एका बिल्डिंगचं काम चालू आहे, तिथला मुकादम दोन घमेली फुकट देतो म्हणाला.

---

खारीगावचा_काका

तिथली नको. कामावरच्या रेतीत सिमेंट मिसळलेलं असतं, ओलं झालं की पंजे भाजतात, शिवाय खिळे आणि तारांचे तुकडे. आणि आजकाल बहुतेक कामांवर दगडाचा कच असतो, तो टोचरा. इमारत साहित्याच्या दुकानात चाळलेली रेती गोणीने मिळते, ३ बाय ४ च्या खड्ड्याला बऱ्याच गोण्या लागतील, तेव्हा निम्मी रेती आणि निम्मी तुमची काढलेली माती मिसळा, चालतं. खाडीची रेती कुणी देऊ केली तर घेऊ नका, खारट असते. रात्री वर प्लायचा तुकडा झाका, नाही तर गल्लीतली मांजरं त्याचा संडास करतील आणि भुंगा तिकडे फिरकणार नाही.

---

शेपूट_आणि_मिशा

किंवा फिरकेल आणि तेच खाईल. प्लाय झाकाच.